केटामाइनने बीपी पडत नाही ना, मग पडला कसा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आपत्कालीन विभागातल्या एका निवासी डॉक्टरने लिहिलं आहे. रात्रपाळीत न्यूमोनिया आणि सेप्टिक शॉक (जंतुसंसर्गाने बीपी कोसळणं) असलेला साठीचा रुग्ण आला. वजन अंदाजे ६० किलो, बीपी ८४/५०, नाडी १२८, श्वास मिनिटाला ३६, ऑक्सिजन चालू असूनही सॅच्युरेशन ८८. श्वासनलिकेत ट्यूब टाकायचं (इंट्युबेशन) ठरलं. केटामाइन हे झोपेचं औषध बीपी सांभाळतं असं शिकलेलं, म्हणून १२० मि.ग्रॅ. केटामाइन आणि पाठोपाठ स्नायू ढिले करणारं स्कोलीन दिलं. ट्यूब पहिल्याच प्रयत्नात गेली, पण दोन मिनिटांत नाडी लागेना. सीपीआर करावा लागला, नाडी परत आली. दुसऱ्या दिवशी एक वरिष्ठ म्हणाले, एटोमिडेट (हेही झोपेचंच औषध) द्यायला हवं होतं. दुसरे म्हणाले, केटामाइनच बरोबर होतं. तिसऱ्यांचं मत पडलं, थोडं प्रोपोफोल चाललं असतं. पत्रातला प्रश्न असा: "तिघंही अनुभवी आहेत. मला एकच औषध ठरवून द्या, म्हणजे पुन्हा असं होणार नाही. आणि त्या रात्री चूक माझीच होती का?"

दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण तो मनात घोळत असला की पहिल्याचं उत्तर नीट ऐकू येत नाही.

औषध निवडण्यात तुमची चूक झाली असं पत्रावरून दिसत नाही. मात्रा जास्त झाली, आणि बीपी सावरायच्या आधी सिरिंज दाबली गेली, एवढं दिसतं. कमी मात्रेत नाडी गेलीच नसती असं मात्र कोणीही छातीठोकपणे सांगू नये. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या इंट्यूब अभ्यासात २९ देशांतल्या २,९६४ गंभीर रुग्णांच्या इंट्युबेशनच्या नोंदी होत्या. त्यात ४२.६ टक्के रुग्णांचं रक्ताभिसरण ढासळलं आणि ३.१ टक्के रुग्णांचं हृदय थांबलं, म्हणजे साधारण तिसांत एकाचं. अनुभवी हातांखालीही हे होतं. हे वाचून निर्धास्त व्हायचं नाही, पण स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचंही कारण नाही.

आता "केटामाइन बीपी सांभाळतं" या वाक्याकडे वळू. ते अर्धंच खरं आहे. केटामाइन हृदयाच्या स्नायूवर थेट जो परिणाम करतं तो त्याला मंद करणाराच आहे. आपल्याला बीपी आणि नाडी वाढलेली दिसते ती सिम्पथेटिक यंत्रणेला (संकटात शरीराला चेतवणाऱ्या मज्जासंस्थेला) बसलेल्या टाचेमुळे; शिल्लक असलेलं कॅटेकोलामाइन (बीपी आणि नाडी वाढवणारी संप्रेरकं) ओतलं जातं आणि मूळचा मंदपणा त्याखाली झाकला जातो. तुमचा रुग्ण कित्येक तास तीच शिल्लक खर्चून ८४ वर टिकून होता. तिजोरी रिकामी असेल तर टाच मारून काय निघणार? उरतो तो औषधाचा मूळ मंद करणारा परिणाम. वर, जागेपणीची धडपड आणि भीती हाही बीपी धरून ठेवणारा एक खांब असतो. बेशुद्धी आली की तो निघतो, मग औषध कुठलंही असो.

आणि दोष एकट्या औषधाचा नसतो. ट्यूब गेल्यावर आपण बॅग दाबतो, छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. मिनिटाला ३६ श्वास घेणारा रुग्ण आपलं मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिस (रक्तात साठलेलं आम्ल) त्या श्वासांनी भरून काढत असतो. तो एक मिनिट थांबला, मग आपण सवयीने व्हेंटिलेटरवर १४ चा दर लावला, की पीएच आणखी घसरतो आणि आधीच थकलेलं हृदय हार मानतं. हे तीन धक्के दोन मिनिटांच्या आत एकामागून एक बसतात, आणि दोन मिनिटांनी नाडी गेली हे तुम्हीच लिहिलं आहे.

तुमच्या रुग्णाची नाडी भागिले सिस्टोलिक, म्हणजे शॉक इंडेक्स, १२८ भागिले ८४, जवळपास १.५ येतो. ०.८ ते ०.९ च्या वर गेला की ट्यूबनंतर बीपी पडण्याची शक्यता बरीच वाढते. हा भागाकार करायला पाच सेकंद लागतात, आणि कुठली व्हायल उचलायची यापेक्षा तो आधी करायला हवा.

झोपेचं आणि स्नायू ढिले करणारं औषध पाठोपाठ देऊन ट्यूब टाकण्याला रॅपिड सिक्वेन्स म्हणतात, आणि त्यातल्या "रॅपिड" या शब्दाचा एक घोळ आहे. रॅपिड सिक्वेन्समधली घाई ही शुद्ध हरपणं आणि ट्यूब बसणं यांमधल्या मिनिटभराची असते, कारण त्या मिनिटात श्वासनलिका असुरक्षित असते आणि पोटातलं वर येऊ शकतं. ट्यूब टाकायचं ठरणं आणि पहिली सिरिंज दाबणं यांमधल्या वेळेला ती घाई लागू होत नाही. श्वास खरोखर थांबलेला किंवा थांबत आलेला नसेल तर दहा मिनिटं बहुतेक वेळा मिळतात. ती मिळवायची, मागून घ्यायची.

त्या दहा मिनिटांत काय करायचं? बीपी चढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन सुरू करा, सेंट्रल लाइनची (मोठ्या मध्यवर्ती शिरेतल्या नळीची) वाट न पाहता, कोपराजवळच्या मोठ्या, चांगल्या चालणाऱ्या शिरेतून. मनगटावरच्या बारीक शिरेतून नको. ४ मि.ग्रॅ. २५० मि.ली. मध्ये टाकलं तर १ मि.ली. मध्ये १६ मायक्रोग्रॅम होतात, आणि मिनिटाला ५ मायक्रोग्रॅमसाठी पंपावर तासाला १९ मि.ली. लावायचे. अँप्यूलवरचा आकडा नॉरअ‍ॅड्रेनलिनचा आहे की त्याच्या टार्ट्रेट क्षाराचा, हे एकदा वाचून घ्या. दोहोंत दुपटीचा फरक पडतो. शक्य असेल तर सिस्टोलिक शंभराच्या पुढे नेऊन मग औषध द्या. मीन (सरासरी) प्रेशर ६५ ला जेमतेम टेकलंय म्हणून सुरुवात केली, तर पडायला खाली जागाच राहत नाही.

सलाईनबद्दल दोन शब्द. २०२२ मधल्या प्रिपेअर-२ चाचणीत १,०६५ रुग्णांत इंट्युबेशनआधी सरसकट ५०० मि.ली. देऊन पाहिलं. बीपी कोसळण्याचं प्रमाण बाटली दिलेल्यांत २१ टक्के आणि न दिलेल्यांत १८.२ टक्के निघालं, म्हणजे फायदा नाही. ज्याच्या अंगातलं पाणी किंवा रक्त खरंच कमी आहे त्याला द्यायचंच, पण "एक बाटली सोडली" म्हणून निश्चिंत होता येत नाही.

हातात एक तयार सिरिंज असू द्या: हाताने थोडं थोडं ढकलायचं, म्हणजे पुश डोस अ‍ॅड्रेनलिन. ०.१ मि.ग्रॅ. प्रति मि.ली. वाल्या अ‍ॅड्रेनलिनचा १ मि.ली. घेऊन त्यात ९ मि.ली. सलाईन मिसळलं की १ मि.ली. मध्ये १० मायक्रोग्रॅम होतात. फक्त १ मि.ग्रॅ. ची अँप्यूल असेल तर ती अख्खी १०० मि.ली. सलाईनमध्ये टाका, मिश्रण तेच येतं. एका वेळी अर्धा ते दोन मि.ली., परिणाम मिनिटभरात, गरज पडली तर दोन ते पाच मिनिटांनी पुन्हा. लेबल लावल्याशिवाय ही सिरिंज ट्रेमध्ये ठेवायची नाही. शंभरपट घट्ट अ‍ॅड्रेनलिन चुकून शिरेत गेलं तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

ऑक्सिजनचंही असंच. २०२४ च्या प्रीऑक्सी चाचणीत १,३०१ रुग्णांना औषध देण्याआधी किमान तीन मिनिटं घट्ट मास्कमधून बायपॅप (दाबाने हवा देणारं यंत्र) किंवा साधा ऑक्सिजन मास्क लावला. सॅच्युरेशन ८५ च्या खाली जाण्याचं प्रमाण ९.१ टक्के विरुद्ध १८.५ टक्के, म्हणजे निम्म्यावर. तुमचा ८८ वाला रुग्ण नेमका या गटातला. बायपॅप नसेल तर पीप व्हॉल्व्ह (श्वास सोडतानाही फुप्फुसात थोडा दाब ठेवणारी झडप) लावलेली बॅग घट्ट धरा. रुग्ण मास्क धरू देत नसेल, हिसकत असेल, तर आधी थोडं केटामाइन हळू देऊन श्वास चालू ठेवून ऑक्सिजन भरायचा आणि स्नायू ढिले करणारं औषध नंतर द्यायचं, हाही मार्ग आहे. पण तो एकट्याने, पहिल्यांदाच, रात्री तीन वाजता करून बघायचा नाही.

आता तुमचं "एकच औषध". त्या तीन वरिष्ठांपैकी कोणीही चूक नाही, फक्त तिघांनीही मात्रा सांगितली नाही, आणि तुम्हीही विचारली नाही.

एटोमिडेट बीपीला फार हलवत नाही, ही त्याची ख्याती योग्य आहे. नेहमीची मात्रा किलोला ०.३ मि.ग्रॅ. वेदना ते कमी करत नाही, टोचताना शीर जळजळते, अंगाला झटके येतात. स्नायू ढिले झाले की झटके थांबतात. खरा वाद अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा. ताणात शरीर सावरणारं कॉर्टिसोल हे संप्रेरक बनवणारं ११-बीटा-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम एका डोसनेही बारा-चोवीस तास किंवा त्याहून जास्त दबलेलं राहतं. १९८३ मध्ये आयसीयूतल्या जखमी रुग्णांना झोपवण्यासाठी याचं सतत इन्फ्युजन दिलं जात असताना मृत्यू वाढल्याचं लक्षात आलं, तिथून हा संशय सुरू झाला. एका डोसचं काय? २०२२ च्या एका केंद्रातल्या ८०१ रुग्णांच्या चाचणीत सातव्या दिवशी केटामाइन गटात ८५.१ टक्के आणि एटोमिडेट गटात ७७.३ टक्के जिवंत होते, पण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत हा फरक ठाम राहिला नाही. २०२५ च्या अखेरीस आलेल्या, २,३६५ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू दोन्हीकडे जवळपास सारखे निघाले, केटामाइन २८.१ आणि एटोमिडेट २९.१ टक्के. उलट इंट्युबेशनच्या वेळी रक्ताभिसरण कोसळण्याचं प्रमाण केटामाइनमध्ये जास्त होतं: २२.१ विरुद्ध १७ टक्के. "केटामाइन बीपी सांभाळतं" या श्रद्धेला एवढा मोठा छेद क्वचितच बसला असेल.

तर शॉकमध्ये एटोमिडेट किंवा केटामाइन, दोन्ही चालतील. तुमच्या विभागात जे नेहमी उपलब्ध असतं आणि ज्याची मात्रा झोपेतही आठवते ते घ्या. केटामाइनची नेहमीची मात्रा किलोला १ ते २ मि.ग्रॅ. आहे, शॉकमध्ये ती ०.५ ते १ वर आणा, आणि तुमच्या रुग्णासारखा कोणी असेल तर ०.५ वरच. म्हणजे १२० च्या जागी ३० मि.ग्रॅ. ५० मि.ग्रॅ. प्रति मि.ली. च्या व्हायलमधून ते फक्त ०.६ मि.ली. होतात, आणि थरथरत्या हाताने ०.६ चा २.६ व्हायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा २ मि.ली. औषधात ८ मि.ली. सलाईन घालून १ मि.ली. ला १० मि.ग्रॅ. करून घ्या. मग ३० मि.ग्रॅ. म्हणजे सरळ ३ मि.ली. काही व्हायल मुळातच १० च्या असतात, तेव्हा पातळ करण्याआधी लेबल वाचा. एटोमिडेटची मात्राही शॉकमध्ये निम्म्यावर, ०.१५ ते ०.२ वर आणतात.

प्रोपोफोल सुचवणाऱ्या वरिष्ठांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. थिएटरमध्ये रोज हाताळणारा भूलतज्ज्ञ ते किलोला अर्ध्या मि.ग्रॅ. ने, व्हॅसोप्रेसरच्या (बीपी चढवणाऱ्या औषधाच्या) आधाराने देऊ शकतो. पण रक्तवाहिन्या सैल करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. इंट्यूबच्या पुढच्या विश्लेषणातही रक्ताभिसरण ढासळण्याशी ज्याचा संबंध दिसला ते औषध प्रोपोफोलच होतं. पूर्ण मात्रा, किलोला दीड-दोन मि.ग्रॅ., ही बीपी चांगला असलेल्यांसाठी, आणि तिथे ते उत्तम आहे: झटके थांबत नसलेला रुग्ण, फार वाढलेला बीपी. मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाने मात्र रॅपिड सिक्वेन्स करू नये. ते चढायला दोन-तीन मिनिटं घेतं, तेवढ्यात अधीर हात दुसरा डोस देतो आणि बीपी नंतर दोघांचा हिशेब एकदम चुकता करतो.

मात्रेचा हा धडा जुना आहे, आणि तो थायोपेन्टोन या जुन्या भूलीच्या औषधाने शिकवला. १९४१ च्या पर्ल हार्बर हल्ल्यानंतर रक्त गेलेल्या जखमींना थायोपेन्टोन देऊन अनेकांचा जीव गेला अशी ख्याती पसरली, आणि १९४३ मध्ये युद्धातल्या शिरेवाटेच्या भूलीवर कडक टीका छापून आली. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात दुसरी एक नोंदही छापली होती: बंदुकीच्या गोळीने रक्तबंबाळ, तीव्र शॉकमध्ये असलेल्या रुग्णाला हेच औषध थोडं थोडं देऊन निभावून नेल्याची. पुढे कागदपत्रं तपासली तेव्हा पर्ल हार्बरमधल्या भूलीच्या मृत्यूंची गोष्ट बरीच फुगवलेली निघाली.

डोक्याला मार असलेल्यांत केटामाइन नको, हेही अजून ऐकू येतं. कवटीतला दाब वाढतो ही भीती सत्तरच्या दशकातल्या थोड्या, निवडक रुग्णांवरच्या निरीक्षणांतून आली. श्वास नियंत्रणात असलेल्या रुग्णांत ती टिकत नाही, आणि अशा रुग्णात सिस्टोलिक एकदाही ९० खाली गेला तर त्याचं नुकसान निश्चित मोठं असतं. दम्यात केटामाइन पहिली निवड. महाधमनी फाटत असेल किंवा हृदयाला रक्तपुरवठा कमी पडतोय असा रुग्ण असेल तर ते टाळा.

स्नायू ढिले करणाऱ्या औषधाचं गणित उलटं चालतं, आणि ही गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. शॉकमध्ये रक्त हळू फिरतं, औषध स्नायूपर्यंत उशिरा पोहोचतं. म्हणून झोपेचं औषध निम्मं, पण रोक्युरोनियम किलोला १.२ मि.ग्रॅ. पूर्ण, किंवा त्याहून थोडं जास्त, स्कोलीन १.५ ते २. तुमच्या रुग्णासाठी रोक्युरोनियमचे ७२ मि.ग्रॅ. म्हणजे ७.२ मि.ली. होतात, ५ मि.ली. च्या दोन व्हायल लागतील. एकच काढून ठेवली तर मात्रा आपोआप कमी पडते. दिल्यावर २० मि.ली. सलाईनने लाइन धुवा आणि घड्याळाकडे बघून साठ ते नव्वद सेकंद थांबा. जबडा कडक लागला म्हणून आणखी केटामाइन देणं ही नेहमीची चूक. औषध कमी पडलेलं नसतं, पोहोचलेलं नसतं. या वेळात सॅच्युरेशन घसरत असेल आणि उलटीचा विशेष धोका नसेल तर हळुवार बॅग द्या. २०१९ च्या प्रिव्हेंट चाचणीत त्याने ऑक्सिजन ८० खाली जाण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं. वजनाबाबत: स्कोलीन प्रत्यक्ष वजनावर, रोक्युरोनियम आदर्श वजनावर, झोपेची औषधं चरबी वगळलेल्या वजनावर. थायोपेन्टोन वापरत असाल तर मध्ये लाइन धुतल्याशिवाय रोक्युरोनियम सोडू नका. दोन्ही मिळून पांढरा साका तयार होतो आणि ऐन वेळी लाइन बंद पडते.

स्कोलीन की रोक्युरोनियम, यावर एवढंच. पोटॅशियम आधीच वाढलेला, भाजून एक-दोन दिवस उलटलेले, मज्जारज्जूची इजा किंवा लकवा होऊन काही दिवस झालेले, बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले, स्नायूंचे आनुवंशिक आजार, मॅलिग्नंट हायपरथर्मियाचा (भूलीच्या औषधांनी अंगाचं तापमान जीवघेणं चढण्याचा) इतिहास: यांत स्कोलीन नाही. "स्कोलीन लवकर उतरतं, ट्यूब नाही गेली तर रुग्ण स्वतः श्वास घेईल" हा आधार आजारी फुप्फुसात फसवा ठरतो. ते उतरायला सहा ते दहा मिनिटं घेतं, तुमच्या रुग्णाचं सॅच्युरेशन दोन मिनिटं थांबलं नसतं. सुगामाडेक्सचंही तसंच: रोक्युरोनियम तातडीने उलटवायला किलोला १६ मि.ग्रॅ., म्हणजे साठ किलोला ९६०, २०० मि.ग्रॅ. च्या पाच व्हायल. त्या फोडून भरेपर्यंत काय करणार हे आधी ठरलेलं हवं. आणि ते केटामाइन उलटवत नाही, न्यूमोनियाही बरा करत नाही.

रोक्युरोनियमची एक जबाबदारी मात्र स्वीकारायला हवी. ते तासभर किंवा जास्त टिकतं. एटोमिडेटची झोप पाच-दहा मिनिटांत आणि केटामाइनची दहा-वीस मिनिटांत उतरते, कमी मात्रेत तर त्याआधी. मधल्या काळात रुग्ण जागा, पण हलू न शकणारा असू शकतो. बीपी सावरल्याच्या आनंदात हे सर्वांत जास्त विसरलं जातं. ट्यूब बांधली की मोबाइलवर दहा मिनिटांचा अलार्म लावा, आणि त्याआधीच झोपेचं व वेदनेचं औषध चालू करा. बीपी नाजूक असेल तर केटामाइन किलोला ०.५ मि.ग्रॅ. पुन्हा, किंवा फेंटॅनिल अगदी थोडं थोडं. नाडी चढतेय आणि डोळ्यांतून पाणी येतंय, तर रुग्ण जागा आहे असंच धरून चाला.

ट्यूबनंतर तरीही बीपी पडला, तर लगेच औषधाला शिव्या देऊ नका. कॅप्नोग्राफची (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राची) लहर बघा, ट्यूब जागेवर आहे ना. दम्याचा किंवा सीओपीडीचा रुग्ण असेल तर सर्किट काढून छाती रिकामी होऊ द्या. अडकलेली हवा बाहेर पडली की बीपी कधी कधी तिथेच उभा राहतो. दोन्ही बाजूंना हवा जाते का ऐका, न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) राहून गेलेला असू शकतो. पीप कमी करा. अ‍ॅसिडोसिसच्या रुग्णाला व्हेंटिलेटरचा दर त्याच्या आधीच्या श्वासांच्या जवळपास, २८-३० च्या आसपास ठेवा, आणि तयार ठेवलेल्या अ‍ॅड्रेनलिनच्या सिरिंजमधून एक मि.ली. द्या. पुढच्या पाळीत त्या तिघा वरिष्ठांपैकी कोणीही भेटले तर एवढंच विचारा: "सर, त्या बीपीला तुम्ही किती मि.ग्रॅ. दिलं असतं, आणि त्याआधी काय चालू केलं असतं?"